लायसन्स पुढे, तक्रार मागे

लेथब्रिज, ३ मार्च

लेस्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. फाडायचं झालं तरी आधी पाकीट उघडावं लागेल.

आज माझं आल्बर्टात घरं विकायचं लायसन्स आलं. ऑन्टॅरिओच्या मंडळाने वर्तणुकीचा स्वच्छ दाखला दिला, पोलिसांनी त्यांचा दिला, मग इथल्या कायद्याचा थोडा अभ्यास, आणि झालं काम. माणसाला प्रांत बदलायचा तर घर सोडावं लागतं, बायको सोडावी लागते. लायसन्सला एवढंच लागतं. आपल्या तारासने ते काचेच्या चौकटीत घालून माझ्या टेबलामागे लावलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळे म्हणजे आमच्यासारखेच, ऑन्टॅरिओतून लायसन्स हलवून आलेले एजंट. तिकडे घरं विकेनाशी झाली तसे एकेक करून इकडे सरकले. या गावात जन्मलेली एकटी ती रिसेप्शनवरची मुलगी, ब्रिन. आम्ही तिच्या डब्यातलं न विचारता खाल्लं असावं अशा नजरेने ती आमच्याकडे बघते.

तारासचं म्हणणं आहे, मी तुला घराबद्दल लिहावं. तर लिहितो. सेंट कॅथरिन्समधले भाव आणखी उतरायच्या आत आपलं घर विकणं शहाणपणाचं ठरेल. त्या पैशात इथे नवंकोरं घर येऊन वर हाताशी काही उरेल. जिने चढायला नकोत, बर्फ उपसायला नको. म्हातारपणी मुलाचा सहवास लाभेल.

वरचा मजकूर माझा नाही हे तुला कळलंच असेल. ‘सहवास लाभेल’ असं मी आयुष्यात बोललेलो नाही. माहितीपत्रक सोबत जोडलंय, तेही त्याच्याच सांगण्यावरून.

मी इथे काय करतो म्हणशील. तिकडच्या म्हाताऱ्या जोडप्यांशी फोनवर बोलतो. त्यांना आपल्याकडचा आवाज ऐकला की बरं वाटतं. शिवाय घर दाखवायच्या आधी तिथे जाऊन शेगडीवर पातेलंभर पाण्यात दालचिनी उकळत ठेवायची, हे काम माझ्याकडे आहे. फोनवरून घर बघणार असले तरी ठेवायची. फोनमधून वास जात नाही, एवढं मी तारासला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “वास तिकडे जात नाही बाबा, पण तुमच्या तोंडावर दिसतो.”

लॉर्न आणि नोरीन इथे येताहेत. कारखान्यात माझ्या शेजारच्या पट्ट्यावर होता तोच लॉर्न, फुप्फुसं गेलेला. तारासने त्यांना फोनवरून घर दाखवलं आणि त्यांनी घेऊन टाकलं. मागच्या बाजूला उतार आहे, त्यामुळे तळघराचं दार सरळ अंगणात उघडतं. एकही पायरी नाही. लॉर्नला तेच हवं होतं. मला तेव्हा लायसन्स नव्हतं, बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मी नुसता मागे उभा होतो. लॉर्नने मला फोनमध्ये पाहिलं आणि नोरीनला म्हणाला, “मायरन आहे ना तिथे, मग झालं.”

जिन्याचा कठडा हलत होता तो खिळ्याने बसवू नको. स्क्रू लागतील.

मायरन


लेथब्रिज, १८ एप्रिल

लेस्या,

माहितीपत्रक परत मिळालं. सोबत एक ओळ नाही. तारासच्या फोटोला मिशा फुटल्या आहेत. पोस्टात कुठे शाई लागली असेल.

दात त्याने पांढरे करून घेतलेत, हे तुझ्या लक्षात आलं असणार. आणि नाव. ‘मेल्निचक’ म्हणताना लोकांची जीभ अडखळते म्हणे, म्हणून इथे तो टाय मेल्टन आहे. टाय, गळ्यात बांधतात तो. माझ्या बापाने ते नाव बोटीतून या देशात आणलं, वाटेत कुठे सांडलं नाही. तारासने ते बसथांब्याच्या बाकावर रंगवताना अर्धं कापलं. त्या बाकावरच्या फोटोत तो दिवसभर हसत असतो आणि लोक त्याच्या तोंडावर बसतात.

सोमवारी सकाळी सगळ्यांची बैठक असते. मध्ये फळांचं ताट, भोवती आम्ही. नवीन आलेल्या एजंटांना तारास शिकवतो. गिऱ्हाईक म्हातारं असलं तर आधी नातवंडांची चौकशी करा. बाई विधवा असली तर नवऱ्याचं नाव टिपून ठेवा आणि पुढच्या फोनला ते नाव सहज बोलण्यात आणा, पहिल्या फोनला नको. ती रडली तर गप्प राहा, घाई करू नका, रडून झाल्यावर माणूस सही करतो. सगळे माना डोलावून लिहून घेत होते. ओशावाहून आलेल्या एका बाईने ‘गप्प राहा’च्या खाली रेघ मारली. माझ्या तोंडात सफरचंदाचा घास होता. तो गिळवेना आणि थुंकायला जागा नव्हती. शेवटी रुमालात घेऊन खिशात ठेवला.

तू म्हणशील, तुम्हीही हाच धंदा करत होता. करत होतो. कारखाना बंद पडला तेव्हा दुसरं काय करणार होतो. पण मी विकलेल्या घरांपैकी कुठल्याही घरापुढून मला मान वर करून जाता येतं, हे तुलाही माहीत आहे.

लॉर्न-नोरीनचं सामान गेल्या आठवड्यात आलं. मी उतरवायला गेलो होतो. तारासही आला, फुलं घेऊन, फोटोपुरता. नोरीन कशी आहे तुला ठाऊक आहे. एवढी वर्षं शाळेची बस चालवली, तिच्या मागे काय चाललंय ते तिला न वळता कळतं. तिने तळघराच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, “वरचं घर सगळं जुनंच आहे. नवा रंग इथे तेवढा का?”

तारास म्हणाला, “तुमच्यासाठीच, नोरीन मावशी.” ती हसली. लॉर्न त्याच्या प्राणवायूच्या यंत्राला टेकून उभा होता, तोही हसला. लॉर्नचा पलंग तिथेच लावला, दाराजवळ, बाहेरचं दिसेल असा.

त्या रंगाबद्दल मला काही माहीत नाही, हे तू लक्षात ठेव. असं का लिहितोय विचारू नको. आज एवढंच.

मायरन


लेथब्रिज, २१ जून

लेस्या,

हे पत्र जेवून झाल्यावर वाच.

मंगळवारी दुपारी इथे असा पाऊस कोसळला की रस्त्याच्या कडेची कचऱ्याची पिंपं वाहत गेली. पाऊस थांबल्यावर नोरीनचा फोन आला. तिचा आवाज शांत होता. म्हणाली, “मायरन, तुझ्याकडे गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर घालून ये.”

गेलो. अंगणातूनच वास आला. पावसाचं पाणी दारातून आत गेलं असतं तर मी काही म्हटलं नसतं, पाणी ते पाणी. हे आतून आलं होतं. तळघराच्या जमिनीतल्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून सगळ्या गल्लीचं गटार उलटून वर आलं होतं. तपकिरी पाणी, वर तरंगणारे कागद आणि काय काय. एकाएकाचं नाव लिहीत नाही. तारासने घातलेली नवी लाकडी फरशी तव्यावरच्या पापडासारखी वळून वर आली होती. पलंगावर लॉर्न पाय पोटाशी घेऊन बसला होता. यंत्र मांडीवर, नळी नाकात. लहान मूल बाकावर बसतं तसा. मला बघून तो लाजला. लेस्या, तो लाजला. त्याने काय केलं होतं लाजण्यासारखं?

पलीकडच्या घरातला हर्ब नावाचा म्हातारा आपणहून बूट घालून आला. आम्ही दोघांनी लॉर्नला खुर्चीसकट उचलून बाहेर अंगणात नेला. हर्बने खुर्ची खाली ठेवली, पाठ सरळ केली आणि म्हणाला, “आलं म्हणायचं पुन्हा.”

मी विचारलं, पुन्हा म्हणजे काय.

“म्हणजे मोठा पाऊस झाला की येतं. आधीची बाई त्यालाच वैतागून गेली. विमा कंपनीने तिला हात जोडले होते. तुमच्या त्या दातवाल्या पोराला मी कुंपणाशी उभं करून सांगितलं होतं की घेणाऱ्याच्या कानावर घाल. तर मला म्हणतो, काका, सगळं दुरुस्त झालंय.” मग तो माझ्या शर्टाकडे बघायला लागला. खिशावर कंपनीचं चिन्ह होतं. “तुम्ही त्यांच्यातलेच वाटतं?”

मी म्हणालो, मी त्याचा बाप. हर्ब लॉर्नची खुर्ची नीट करायला वळला. खरं तर त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि नोरीनने भिंतीचा खालचा तक्ता उचकटला. नव्या तक्त्यामागे जुना तसाच ठेवला होता, काढायचेही कष्ट घेतले नव्हते. त्यावर डागांच्या रेघा होत्या, एकीवर एक, ज्या ज्या पावसात पाणी जिथवर चढलं तिथवर. मधल्या जागेत काळी बुरशी, मांजराच्या पाठीसारखी दाट. आणि त्यावर कोणीतरी सुगंधी फवारा मारून ठेवलेला. गटार आणि गुलाब. मी बाहेर जाऊन कुंपणाला धरून ओकलो. या वयात, लोकांच्या अंगणात.

लॉर्न बरा नाही. हॉस्पिटलात आहे, छातीत काहीतरी धरलंय. त्या बुरशीत तो दोन महिने झोपत होता.

नोरीनने मला बजावलंय की तुला कळवायचं नाही. म्हणाली, “न बघता घर घेऊ नको, असं लेस्या मला तोंडावर म्हणाली होती. तिचं खरं झालं हे मी सोसेन, पण तिला ते कळलेलं सोसणार नाही.” तरी मी लिहितोय. चर्चमध्ये तिच्याबद्दल बोलू नको.

हात मी भांड्यांच्या साबणाने धुतले, मग ब्लीचने. वास हातांना नाही. कुठे आहे ते मला सापडत नाही.

मायरन


लेथब्रिज, ९ जुलै

लेस्या,

हे पत्र मी साध्या टपालाने पाठवत नाही. ते तारासच्या आधी पोचायला हवं. का ते खाली आहे. आधी शेवट वाचू नको, सगळं वाच.

हर्बने सांगितलेलं मी तारासला विचारलं. ऑफिसात नाही. त्यानेच मला स्टेक खायला नेलं. मी काय विचारणार हे त्याला कळलं होतं आणि अशा वेळी माणसाच्या हातात काटा-सुरी द्यायची, हे तो सोमवारच्या बैठकीत शिकवतो. मी म्हणालो, “तुला माहीत होतं.”

“बाबा, मला जे माहीत असतं ते कागदावर असतं. म्हातारा कुंपणाशी काय बोलला ते कागदावर नाही.”

“लॉर्न हॉस्पिटलात आहे.”

“त्याची फुप्फुसं मी नाही बिघडवली. तुमच्या कारखान्याने बिघडवली.” तो मांस कापत होता, बारीक, नीट. तू त्याला शिकवलंस तसं. “घराचा सौदा म्हणजे तुमचे नटबोल्ट नव्हेत बाबा. तुम्ही एक बोल्ट वाकडा निघाला की सगळी पेटी बाजूला ठेवायचात. तशी घरं विकली असती तर आपण अजून सेंट कॅथरिन्समध्ये सवलतीची कूपनं कापत बसलो असतो.”

मी म्हणालो की नोरीन तक्रार करेल. तिने केली नाही तर हर्ब करेल.

“करू देत. वर्षभर चौकशी चालते. मी तेव्हा इथे नसेन.” आणि मग त्याने मला सगळा बेत सांगितला, अगदी आनंदाने, मी त्यात आहेच असं धरून. तो लायसन्स नोव्हा स्कोशियात हलवतोय. एकटा नाही, सगळी टोळी. तिथे समुद्राकाठी जुनी घरं स्वस्त आहेत आणि ऑन्टॅरिओची म्हातारी माणसं समुद्राला भुलतात. कागद तयार आहेत, फक्त इथल्या मंडळाचा वर्तणुकीचा दाखला यायचा राहिलाय. त्यावर आज एकही डाग नाही. “म्हणून घाई,” तो म्हणाला. “लायसन्स पुढे जातं, तक्रार मागे राहते. तुमचंही हलवू. नवं गाव, नवं मंडळ.”

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मी विचारलं, ऑन्टॅरिओतून निघतानाही अशीच घाई होती का?

त्याने हातरुमालाने तोंड पुसलं. म्हणाला, “नायगाराच्या त्या घराचं काही सिद्ध झालं नसतं.”

नायगाराचं कुठलं घर, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. आपण त्याला निरोप दिला, तू केक केलास, फादरनी आशीर्वाद दिला, मी माझं सामान बांधलं आणि तुझ्याशी भांडून त्याच्यामागे आलो. आपल्याला वाटलं पोरगा पुढे जातोय. पोरगा पळत होता. तू दारात उभी राहून मला म्हणाली होतीस की त्याच्या डोळ्यांत आनंद नाही, घाई आहे. मी म्हणालो होतो, तुला काय कळतंय धंद्यातलं.

तो अजून बोलत होता. नोव्हा स्कोशियात ऑफिस थाटायला सुरुवातीला हाताशी काहीतरी लागेल, म्हणून तुझं घर. माहितीपत्रक, नवंकोरं घर, मुलाचा सहवास, सगळं त्यासाठी. इथे तुझ्यासाठी कुठलंही घर नव्हतं. मी विचारलं, “मग आई राहील कुठे?” तो म्हणाला, “तुम्ही दोघं मिळून काहीतरी बघालच की.” आणि वेटरला हाक मारून माझ्यासाठी गोड मागवलं, कारण मला ॲपल पाय आवडतो हे त्याला माहीत आहे.

गोड आलं, मी उठलो. कोट घालायला विसरलो, परत जाऊन घ्यावा लागला. तो माझ्या ताटलीतून खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळाला फोन केला. बाईने तक्रारीचा तपशील विचारला, मी सांगितला. साक्षीदार विचारले, सांगितले. मग तिने विचारलं की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी माझं नातं काय.

“मुलगा.”

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, “आडनाव सांगता का, एकेक अक्षर करून?” मी मेल्निचक सांगितलं. ती म्हणाली की त्यांच्याकडे या लायसन्सवर धंद्याचं नाव मेल्टन लावलंय. मी म्हणालो, तोच.

आता त्याच्या दाखल्यावर चौकशी चालू असल्याचं लिहून येईल आणि नोव्हा स्कोशियावाले तो हातात घेऊन वाचतील. माझं लायसन्स मी त्याच दिवशी परत केलं. चौकट भिंतीवरून काढली तर मागे फिकट चौकोनही पडला नव्हता.

काल त्याला कळलं. त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. “असा बाप असतो होय,” एवढंच म्हणाला, आणि ते सगळ्या ऑफिससमोर. ओशावाच्या बाईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ते गटार माझ्यातून वर आलं होतं. ब्रिनने खाली वाकून माझी पेटी उचलली आणि गाडीपर्यंत नेली.

आता तुझं. त्याने तिकडचं विमान धरलंय. शनिवारी तो तुझ्या दारात उभा असेल, फुलं घेऊन, आणि बॅगेत घर विकायचा करार असेल. इथलं सगळं अडकल्यामुळे त्याला तुझी सही आधीपेक्षा जास्त हवी आहे.

दार उघड. तो रागावला की जेवत नाही, म्हणजे उपाशी असेल. बटाट्याचं सारण भरून व्हरेनिकी उकड, वर कांदा आणि आंबट साय घाल. तो तुझे हात हातात घेईल. म्हणेल, बाबांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. म्हणू दे. नातवंडांबद्दल बोलेल, ती अजून झालेली नाहीत तरी. तू रडलीस तर तो गप्प बसून राहील. त्या गप्प बसण्याला भुलू नको. ते तो शिकवतो.

जेवायला घाल, पलंग घालून दे. सही करू नको.

मायरन


लेथब्रिज, २ ऑक्टोबर

लेस्या,

तुझं पत्र आलं. इतक्या महिन्यांत पहिलं, आणि सगळं रागाने भरलेलं. दोनदा वाचलं.

बाप पोराची तक्रार करतो का, असं तू विचारलं आहेस. तुझ्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. बाप काय करतो ते मला माहीत नाही. मी लॉर्नला खुर्चीसकट उचललं होतं. तो फार हलका लागला.

तू सही केली नाहीस, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंस. दोन दिवस तो करार स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून होता आणि तू त्यावर पीठ मळायचा ओटा पुसायचं फडकं ठेवलंस, हे वाचून मी इथे एकटा हसलो. तो जाताना तुला न सांगता गेला, त्याचं तुला लागलंय. लागणारच. पण खाऊन गेला ना.

इकडचं सांगतो. त्याचं लायसन्स चौकशी संपेपर्यंत थांबवलंय, नोव्हा स्कोशियाने अर्ज परत पाठवला. नायगाराचं प्रकरणही इथल्या मंडळाने ऑन्टॅरिओकडून मागवून घेतलं, म्हणजे मागे राहिलेली तक्रार चालत चालत इथवर आली. बाकीची टोळी मात्र समुद्राकाठी पोचली. त्यांच्या दाखल्यांवर काही नव्हतं. ओशावाची बाई तिथल्या बाकांवर झळकते म्हणे. ऑफिस रिकामं झालं. ब्रिनने घरमालकाला विचारून फळांचं ताट घेतलं, तिच्या कुत्र्यासाठी.

लॉर्न हॉस्पिटलातून घरी आला, पण त्या घरी नाही. त्यांनी तळमजल्यावर भाड्याची दोन खोल्यांची जागा घेतली आहे. घराचं वकिलाकडे आहे आणि वकील म्हणतो की दिवस लागतील. लॉर्नकडे तेवढे आहेत का, हे तो विचारत नाही. नोरीन परत बस चालवायला लागली. तुला कळलंय हे तिला मी सांगून टाकलं. ती म्हणाली, “मग लेस्याला म्हणावं, फोन तरी कर.” कर तिला.

मी एका लोखंडी सामानाच्या दुकानात लागलोय. पंप आणि झडपा विकतो. गिऱ्हाईकाला लागत नसेल तर लागत नाही म्हणून सांगतो, त्यामुळे मालक माझ्यावर फारसा खूश नाही.

आता जे लिहायचं ते. तू बघितलं नसशील, म्हणून सांगतो. ब्रिन दुकानात आली होती, तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. तारासने नवा धंदा काढलाय. एजंटांना शिकवतो, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात लायसन्स कसं हलवायचं, कोणता कागद आधी, कोणता नंतर, कुठलं मंडळ पटकन दाखला देतं आणि कुठलं फार वाचत बसतं. यासाठी लायसन्स लागत नाही. नवा कोट, तेच दात. “माझं स्वतःचं लायसन्स मी माझ्या इच्छेने बाजूला ठेवलंय,” असं तो म्हणतो, “कुटुंबाला वेळ द्यायला.” खाली लोकांनी आभार मानलेत.

मग मी त्याच्या मागे बघितलं. मागे पडदे होते, पिवळ्या फुलांचे. तो आपल्या स्वयंपाकघरात बसलाय, लेस्या. तुझ्या टेबलापाशी. तू त्याला जेवायला घालत होतीस आणि तो तिथेच बसून हे बोलून घेत होता. सही मिळाली नाही, तर खिडकी घेतली. घरगुती दिसायला. मला वाटलं होतं, निदान तुझ्या घरात तो तारास असेल.

शेवटी तो म्हणतो, “आणि लक्षात ठेवा, नवा प्रांत म्हणजे नवा जन्म.” तेवढ्यात उजवीकडून एक हात आत येतो आणि त्याच्या पुढ्यातली ताटली उचलून नेतो. अंगठी सैल झाल्यासारखी दिसली. त्याचं बोलणं संपायची वाट तू पाहिली नाहीस.

ब्रिनने तो व्हिडिओ माझ्या फोनवर घालून दिला. मी रोज तेवढाच तुकडा लावतो, आवाज बंद करून.

मायरन